उघाडी कोणाच्या हातात: खुलन्याचा पोल्डर २२ आणि शेजारची कोळंबी

बांगलादेशातल्या खुलना जिल्ह्यात, पाइकगाछा उपजिल्ह्यात, पोल्डर २२ आणि पोल्डर २३ या दोन बंदिस्त्या, म्हणजे भरतीचं पाणी अडवायला भोवती बांध घातलेल्या जमिनी, जवळजवळ आहेत. माती सारखीच, पाऊस तोच, भोवतालच्या नद्यांतलं भरतीचं पाणीही तसंच. २२ मध्ये पावसाळ्यात भात होतो आणि उन्हाळ्यात तीळ. २३ मध्ये गेली काही दशकं ‘बागदा’चे, म्हणजे टायगर कोळंबीचे, घेर (तलाव) आहेत. जमिनीचा कस दोन्हीकडे सारखाच होता. उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कधी उघडायची हे कोणी ठरवलं, त्यावरून पुढचं सगळं ठरत गेलं.

पोल्डर हा शब्द डच असला तरी वस्तू कोकणातल्या माणसाला ओळखीची आहे. भोवती बाहेरकाठा, म्हणजे बाहेरचा बांध, त्यात जागोजाग उघाड्या आणि आत भातजमीन. आपली खारबंदिस्ती बहुतेकदा काही शे हेक्टरांत संपते, तिकडचे बरेच पोल्डर हजारो हेक्टरांचे आहेत. चारी बाजूंनी नद्या असल्याने प्रत्येक पोल्डर म्हणजे एक बेटच.

पोल्डर होण्याआधीही तिथे बांध होते. जमीनदारांच्या काळात गावं ‘अष्टमासी बांध’ घालत. नावाप्रमाणे तो आठ महिने टिकला की पुरे. पाणी काढायला लाकडी पेटीची उघाडी असे, आणि उरलेल्या काळात भरतीचं गाळाचं पाणी शेतात येऊ देत. दरवर्षी मातीकाम करावं लागे, पण जमीन गाळाने वर चढत राही. जमीनदारी गेली तशी ही व्यवस्थाही मोडली. १९५४ आणि १९५५ साली मोठे पूर आले, आणि १९६१ पासून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात कायमचे बांध घालायला सुरुवात झाली. शंभराहून जास्त पोल्डर उभे राहिले. खारं पाणी बाहेर थांबलं आणि भाताचं उत्पादन वाढलं. गाळही बाहेरच थांबला. त्याचा हिशेब पुढे येईल.

या बांधांतल्या स्लुइसचं, म्हणजे तिकडच्या उघाडीचं, काम नीट पाहायला हवं, कारण सगळी भांडणं तिथेच होतात. नदीच्या बाजूला लोखंडी झडप असते, वरच्या कडेला बिजागरीवर टांगलेली. भरतीला बाहेरचं पाणी चढलं की दाबाने झडप चौकटीवर घट्ट बसते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतलं पाणी तिला ढकलून निघून जातं. तिथे माणसाची गरज नाही. आतल्या बाजूला वर-खाली सरकणारं दार असतं. आतलं गोडं पाणी अडवून ठेवायचं असेल तर ते खाली सोडतात. म्हणजे ही रचना पाणी एकाच दिशेने जावं म्हणून केलेली आहे: आतून बाहेर.

कोळंबीला नेमकं उलट हवं असतं. झडप साखळीने वर ओढून बांधली आणि आतलं दार उचललं, की उधाणाच्या भरतीला नदी आत येते. स्लुइस लांब असेल किंवा त्यावरचा माणूस ऐकत नसेल, तर बांधच आडवा कापून त्यात लाकडी पेटी किंवा पाइप बसवायचा. या पाइपांकडे पुन्हा यावं लागेल.

कोळंबी आत कशी शिरली

सत्तरच्या दशकाअखेर गोठवलेल्या कोळंबीला परदेशात चांगला भाव येऊ लागला. ऐंशीच्या दशकात सरकारने तिला उद्योगाचा दर्जा दिला, जागतिक बँकेचं कर्जही आलं. १९८३-८४ मध्ये बांगलादेशात कोळंबीखाली सुमारे ५२ हजार हेक्टर होते. दहा वर्षांत ते १ लाख ३८ हजारांच्या घरात गेले. यातला मोठा भाग खुलना, सातखीरा आणि बागेरहाट या तीन जिल्ह्यांतल्या भातजमिनीचा होता.

तिकडचा घेर आपल्या डोळ्यांसमोर येणाऱ्या कोळंबी तलावासारखा नसतो. आज आंध्रात किंवा पालघरला व्हॅनामेई कोळंबीचा तलाव म्हणजे एरेटर, पॅकेटचं खाद्य, खेकडे अडवणारं कुंपण, पक्ष्यांची जाळी आणि चौरस मीटरला साठपर्यंत पिल्लं. खुलन्याचा घेर म्हणजे बांधाने वेढलेलं भाताचं शेतच. त्यात गुडघाभर खारं पाणी, चौरस मीटरला एक ते तीन पिल्लं, विकतचं खाद्य जवळपास नाही, आणि वर्षाला हेक्टरी दोनशे-तीनशे किलो माल. पूर्वी बीज नदीतूनच बारीक जाळ्याने धरत. एका बागदाच्या पिल्लासाठी इतर माशांची असंख्य पिल्लं काठावर फेकली जात. नंतर कॉक्स बाजारच्या हॅचऱ्यांचं बीज आलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू पसरला. तेव्हापासून एकदाच भरपूर बीज सोडण्याऐवजी दर उधाणाला थोडं थोडं सोडायची आणि मोठी झालेली काढत राहायची रीत पडली.

एवढं कमी पिकणारं काम कोणी का करावं? कारण त्यात भांडवल कमी लागतं आणि जमीन जास्त. हेक्टरी अडीचशे किलो म्हटलं की फायद्यासाठी दोन-चार एकर पुरत नाहीत, सलग पन्नास-शंभर हेक्टर लागतात. म्हणून शहरातला भाडेपट्टेदार एका शेतकऱ्याचं शेत मागत नाही, त्याला सगळा खलाटीचा, म्हणजे सखल भातजमिनीचा, पट्टा हवा असतो. बिघ्यामागे ठरलेल्या वार्षिक भाड्याला तिकडे ‘हारी’ म्हणतात. पट्ट्यातल्या मोठ्या जमीनदारांनी होकार दिला की बाकीच्यांना विचारण्यासारखं फारसं उरत नाही, कारण पाणी सर्वे नंबर बघून थांबत नाही.

कागदावर तडजोड साधी आणि सुंदर आहे: जानेवारी-फेब्रुवारीत खारं पाणी घ्या, जूनअखेर कोळंबी काढा, पावसाने शेत धुऊ द्या आणि ऑगस्टमध्ये आमन, म्हणजे पावसाळी, भाताची लावणी करा. पण जूनमध्ये कोळंबी अजून वाढत असते आणि भाव मोठ्या आकाराला मिळतो. भाडेपट्टेदार म्हणतो, अजून एक उधाण. मग अजून एक. सप्टेंबर उजाडतो, आणि शेतकऱ्याच्या हातात चाळीस दिवसांचं आवण, म्हणजे लावणीची रोपं, पडून राहतं.

एका बिघ्यातलं मीठ

इथे आकडेमोड केल्याशिवाय प्रश्न कळत नाही. खुलन्याचा बिघा एकराच्या ३३ शतांशांचा, म्हणजे सुमारे १,३३८ चौरस मीटर. आपल्या हिशेबाने सव्वातेरा गुंठे. त्यात ४० सेंटिमीटर पाणी उभं केलं तर ते साधारण ५३५ घनमीटर होतं. बागदाला मानवणारी क्षारता लिटरला १० ते २५ ग्रॅम. मधली १५ धरू. म्हणजे एका बिघ्यावर ८ टन मीठ पाण्यात विरघळलेलं उभं आहे.

पाणी सोडून दिलं की त्यातलं बरंच जातं. मातीत मुरलेलं राहतं. वरची ३० सेंटिमीटर माती आणि तिच्यात निम्मी पोकळी धरली, तर २०० घनमीटर पाणी मातीतच आहे. त्यात ३ टन मीठ. मार्च ते मे वरून बाष्पीभवन चालू असतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून कमी नसतो.

भाताला किती चालतं? मातीच्या संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता, म्हणजे मिठाचं माप, मीटरला ३ डेसिसायमनच्या वर गेली की उत्पादन घटू लागतं, आणि पुढच्या प्रत्येक डेसिसायमनला सुमारे १२ टक्के कमी होतं. सातच्या पुढे गेलं की निम्मं पीक गेलं. १५ ग्रॅमचं पाणी म्हणजे जवळपास २५ डेसिसायमन. ते ३ वर आणायचं तर बिघ्यातल्या ३ टनांपैकी साडेतीनशेएक किलोच मीठ शिल्लक ठेवून चालेल. बाकीचं अडीच टनांहून जास्त बाहेर काढायचं आहे.

खुलन्यात वर्षाला सतराशे-अठराशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून वाटतं की धुऊन जाईल. पण मातीतलं मीठ वरून वाहून गेलेल्या पाण्याने निघत नाही, मातीतून खाली झिरपलेल्या पाण्याने निघतं. जेवढी मातीची खोली तेवढं पाणी झिरपलं की ढोबळमानाने ऐंशी टक्के मीठ जातं. आपल्याला त्याहून थोडं जास्त काढायचं आहे, म्हणजे ३० सेंटिमीटर मातीतून निदान ४५ सेंटिमीटर पाणी झिरपायला हवं. चिखलणी केलेल्या चिकट मातीत दिवसाला एक-दोन मिलिमीटर झिरपतं. दोन धरले तरी सव्वादोनशे दिवस लागतात. पावसाळा तेवढा नसतो. त्यात खालचं पाणी वरच असतं आणि नदी भरलेली असते, मग झिरपून ते जाणार कुठे?

म्हणून खारजमीन पावसाने धुवायची खरी पद्धत वेगळी आहे. पाऊस शेतात अडवायचा, माती ढवळायची, वरच्या थरातलं मीठ पाण्यात उतरू द्यायचं आणि ओहोटी साधून ते पाणी उघाडीतून काढून टाकायचं. हे पाच-सात वेळा करायचं. वरचा वीतभर थर रोपाला सोसेल एवढा झाला की लावणी. खाली मीठ असतंच. पावसाचं पाणी वर उभं असेपर्यंत ते खाली दबून राहतं. जून-जुलैचे दोन महिने यासाठीच लागतात, आणि कोळंबीवाला खातो ते हेच दोन महिने. सप्टेंबरमध्ये पाणी सोडलेल्या शेताला धुवायला फेरे मिळत नाहीत, आणि ऑक्टोबरात फुलोऱ्याच्या वेळी पाऊस थांबून मीठ वर येतं. लावणीनंतरचं कोवळं रोप आणि फुलोरा, या दोनच वेळा भात मिठाला सर्वांत हळवा असतो. पहिल्यात रोप मरतं, दुसऱ्यात लोंब्या पोचट राहतात.

आता शेजारच्याचं बघा. त्याने जमीन दिलेली नाही. त्याच्या आणि घेराच्या मध्ये मीटरभर रुंदीचा बांध, त्यात खेकड्यांची बिळं, आणि पलीकडे चाळीस सेंटिमीटर पाणी उभं. मार्चअखेर त्याच्या शेतात बांधाकडच्या कडेला पांढरी खपली दिसू लागते. पुढच्या वर्षी ती आणखी आत सरकते. तिसऱ्या वर्षी तोही हारीवर जमीन देतो, आणि सरकारी तक्त्यात ‘शेतकऱ्याने स्वेच्छेने कोळंबीकडे वळवलेली जमीन’ वाढते. कोळंबी पसरण्याची कारणं सांगताना बहुतेक अहवाल निर्यातीच्या भावापाशी थांबतात. आमच्या मते बांधातून झिरपणारी ही ओल भावाएवढीच जबाबदार आहे.

ज्यांना जमीनच नाही त्यांचं गणित याहून वाईट. भातात लावणी, बेणणी, कापणी, झोडणी अशी मजुरी असते. कापणीनंतर मोकळ्या रानात गुरं चरतात, पेंढा मिळतो, शेणाच्या गोवऱ्या होतात. घेराला लागतात ते दोन-चार राखणदार आणि पिल्लं सोडायला-काढायला थोडे हात. गुरं विकावी लागतात. पिण्याची तळी खारावतात आणि बाया दूरवरून पाणी आणतात. जवळच्या दाकोप उपजिल्ह्यात गरोदर बायांच्या रक्तदाबाचा अभ्यास झाला. पिण्याच्या पाण्यातल्या मिठाशी त्याचा थेट संबंध दिसला.

७ नोव्हेंबर १९९०

पोल्डर २२ मधल्या देलुती भागात घेर घालायचे प्रयत्न याच काळात सुरू झाले. पण इथे भूमिहीनांची संघटना आधीपासून बांधलेली होती, ‘निजेरा करी’ या संस्थेच्या कामातून. जमीन नसलेल्यांचा विरोध सर्वांत कडवा का होता, हे वरच्या परिच्छेदात आलंच आहे. ७ नोव्हेंबर १९९० रोजी हरिणखोला गावात कोळंबीविरोधी मोर्चावर एका कोळंबी व्यावसायिकाच्या माणसांनी हल्ला केला. पुढे चालणाऱ्या करुणामयी सरदार त्यात मारल्या गेल्या. त्यांच्या स्मृतीला तिथे दर ७ नोव्हेंबरला लोक जमतात. पोल्डर २२ मध्ये त्यानंतर कोळंबी आली नाही.

या घटनेचा व्यावहारिक परिणाम असा की उघाड्यांवर गावाची नजर राहिली. झडप बांधून ठेवली तर दुसऱ्या दिवशी दहा माणसं तिथे उभी राहतात. पावसाळ्याअखेर आतलं दार खाली सोडून ओढ्यांत गोडं पाणी अडवलं जातं. त्यावर उन्हाळ्यात तीळ आणि थोडा भाजीपाला निघतो. २३ मध्ये स्लुइस, ओढा आणि रस्तासुद्धा घेरांच्या सोयीने वापरला जातो. एकट्या शेतकऱ्याला तिथे भाताकडे परतायचं म्हटलं तरी शेजारच्या पन्नास हेक्टरांचं पाणी थांबवता येत नाही.

आयला, आणि बांधातले पाइप

२५ मे २००९ रोजी आयला चक्रीवादळ आलं. दाकोपमधला पोल्डर ३२ पाच ठिकाणी फुटला आणि जवळपास दोन वर्षं त्यात रोज भरती-ओहोटी चालू राहिली. बांध का फुटतो ते कोकणात वेगळं सांगायला नको, पण पाइपाचं सांगायला हवं. मुरलेल्या बांधात पाइप घालायचा म्हणजे तो आडवा कापायचा, पाइप ठेवायचा आणि ओली माती वरून लोटायची. ती धुम्मसाने थराथराने ठोकली जात नाही. पाइपाच्या बाहेरच्या अंगाला मातीचा विळखा सैल राहतो, आणि पाणी पाइपातून जाण्याऐवजी पाइपाच्या कडेने वाट काढतं. प्रत्येक उधाणाला चिमूटभर माती जाते. बाहेरून काही दिसत नाही. वादळाच्या रात्री पाणी बांधाच्या माथ्याला टेकतं तेव्हा खांड, म्हणजे भगदाड, तिथेच पडते. पाइप घालायचाच तर दोन-तीन ठिकाणी काँक्रीटच्या कॉलर घालून पाण्याची वाट लांबवावी लागते. आधी निघेल ते पीक काढू, बांधाचं नंतर बघू, असं म्हणणारा भाडेपट्टेदार ते करत नाही.

खांड पडल्यावर आत एवढं पाणी का शिरलं, याचं उत्तर अष्टमासी बांधापाशी आहे. चाळीस-पन्नास वर्षं गाळ अडल्याने पोल्डर ३२ ची जमीन शेजारच्या सुंदरबनापेक्षा एक ते दीड मीटर खाली गेली होती. बाहेर जंगल गाळाने चढत होतं आणि आत शेत जागीच बसत होतं. गंमत म्हणा किंवा दैव म्हणा, खांडीतून दोन वर्षं आलेल्या भरतीने आत सरासरी फूटभर गाळ टाकला.

आयलानंतर दाकोपमध्ये बऱ्याच गावांनी खारं पाणी घेणं बंद केलं. आज तिथे भातानंतर कलिंगडाचं पीक मोठं आहे. परतीच्या वाटेवर पहिल्या वर्षी फार अपेक्षा ठेवू नये. घेर मोडताना पहिल्या पावसाआधी पाणी पूर्ण काढून जमीन तडकू द्यावी, म्हणजे भेगांतून पहिलं पाणी आत शिरतं. तळाचा काळा, वास मारणारा गाळ उकरून बाहेर काढावा. जुन्या कांदळवनाच्या जागी एक खबरदारी हवी: तिथली माती वाळली की तिच्यातला गंधक हवेला लागून आम्ल होतो, सामू चारच्या खाली जातो, आणि भात मिठाने नव्हे तर आम्लाने मरतो. तिथे जमीन ओली ठेवूनच धुवावी, चुनाही लागतो. त्यानंतर वर सांगितलेले धुण्याचे फेरे. लावणीला पाच आठवड्यांचं थोराड रोप घ्यावं, चुडात (एका जागी लावायच्या रोपांत) एकदोन काड्या जास्त धराव्यात. वाण मीठ सोसणारा हवा. तिकडे आमनला ब्री धान ५४ आणि ७३ वापरतात. कोकणात त्या जागी पनवेल १, २, ३ आहेत, आणि त्याआधीचे राता वाण.

आपल्या बाजूचा कायदा

भारतात हाच प्रश्न तमिळनाडूतून सर्वोच्च न्यायालयात गेला. गांधीवादी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर ११ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या पाहणी अहवालांवर तो मोठ्या प्रमाणात उभा आहे. शेतजमीन, मिठागरं, कांदळवनं आणि गावच्या सामाईक जमिनी कोळंबी तलावांत बदलू नयेत, असं त्यात स्पष्ट आहे. पुढे २००५ च्या कायद्याने चेन्नईला किनारी मत्स्यशेतीचं प्राधिकरण आलं आणि बरीच बांधकामं नियमांखाली आणून चालू राहिली. परवाना देताना तलावाचा सर्वे नंबर, सांडपाणी आणि भरतीरेषेपासूनचं अंतर तपासलं जातं. बाहेरकाठा मात्र सगळ्या गावाचा असतो आणि उघाडीही. कोकणात एक खाच आणखी आहे: सातबारावर पडीक दिसणारी खारजमीन पुष्कळदा खांड वेळेवर न बांधल्याने पडीक झालेली असते. ती ‘तशीही नापीकच’ म्हणून कोळंबी प्रकल्पाला द्यायची असेल, तर आधी उन्हाळ्यात शून्य ते पंधरा आणि पंधरा ते तीस सेंटिमीटरचे मातीचे नमुने काढून वाहकता बघावी, आणि आजूबाजूच्या पिकत्या शेतांचीही. नंतर शेजाऱ्याची तक्रार आली तर आधी काय होतं ते सांगायला दुसरा पुरावा नसतो.

पोल्डर २२ कोळंबीपासून वाचला, नदीपासून नाही. २२ ऑगस्ट २०२४ रोजी कालीनगर इथे भद्रा नदीने बांधाचा पाया खाल्ला, खांड पडली आणि तेरा गावं पाण्याखाली गेली, ऐन आमनच्या दिवसांत. नुकसान मोठं होतं. आयला मात्र मे महिन्यात आलं होतं. तेव्हा खुलन्याच्या नद्यांचं पाणी वर्षातलं सर्वांत खारं असतं, आणि ऑगस्टमध्ये वरच्या पुराने ते बरंच गोडं झालेलं असतं. बांध सांधल्यावर उरलेल्या पावसात शेत धुता येईल की दोन वर्षं पडीक ठेवावं लागेल, हे खांड कोणत्या महिन्यात पडली त्यावर ठरतं.